गुलाबी पानांत न मावलेले पैसे

जमाखर्च (सोमवार, रात्री ११:३५)

२०२४ ची विधानसभा होऊन गेली, तेव्हा लिहूनच टाकतो. मी गेल्या विधानसभेला एका उमेदवाराचं खर्चाचं रजिस्टर लिहिलं. मतदारसंघ सांगणार नाही, पक्ष तर मुळीच नाही, नाहीतर दुसऱ्या प्रतिसादापासून धाग्याचा आखाडा होईल.

ज्यांनी हे रजिस्टर कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन भाग असतात. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी पानं रोखीची, पिवळी पानं बँकेची. उमेदवाराने वेगळं खातं उघडायचं, खर्च त्यातूनच करायचा, एका माणसाला किंवा दुकानाला अख्ख्या निवडणुकीत दहा हजाराच्या वर रोख द्यायची नाही. प्रचारात तीन वेळा रजिस्टर खर्च निरीक्षकासमोर न्यायचं. तिकडे त्यांची स्वतःची छाया नोंदवही असते, त्यांची माणसं सभेत व्हिडिओ काढतात, खुर्च्या मोजतात आणि दरपत्रकाप्रमाणे भाव लावतात. चहाचा दर ठरलेला, वडापावचा ठरलेला, खुर्ची, फेटा, ढोलपथक सगळ्याचा ठरलेला. मर्यादा ४० लाख. मी महिनाभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून हे लिहिलं, बेरजा हिरव्या शाईने करायची माझी जुनी सवय (पहिल्या सायबांनी लावलेली), आणि शेवटचा आकडा चाळीसच्या बराच खाली छान बसला. निरीक्षकांनी पानं उलटली, दोन ठिकाणी खुलासा मागितला, दिला. झालं.

आता जे लिहिलं नाही ते.

दुसऱ्या आठवड्यात फ्लेक्सवाला आला. त्याला म्हटलं बिल दे. तो म्हणाला कितीचं देऊ? म्हटलं जेवढे लावलेस तेवढ्याचं. तो हसला. म्हणाला, "भाऊ, तुमच्या नावावर किती दाखवायचे तेवढं सांगा, बाकीचे पैसे मला मिळालेत." कुणी दिले विचारलं तर म्हणाला वरून आले. मग डिझेलचं तेच. गाड्यांना कुपनं कुठल्या तरी खडी क्रशरवाल्याच्या खात्यावर. बाहेरून आलेल्या पोरांच्या लॉजच्या खोल्या एका बिल्डरच्या खात्यावर. जेवणाचा धाबा कुणाच्या खात्यावर ते मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि मी विचारलंही नाही, मटण चांगलं होतं. शेवटच्या दोन रात्रींबद्दल तर काय लिहायचं, त्याला गावात लक्ष्मीदर्शन म्हणतात आणि ते कुठल्याच रंगाच्या पानावर येत नाही.

मला त्यातली लाच-बिच, कायदा-बियदा यापेक्षा एकच गोष्ट डोक्यात बसली. हे पैसे गुप्त आहेत असं आपण म्हणतो, पण गुप्त कुणापासून? क्रशरवाल्याला माहितीय त्याने किती दिले. उमेदवाराला माहितीय. फ्लेक्सवाल्याला, लॉजच्या मॅनेजरला, ड्रायव्हरला, मला, सगळ्यांना माहितीय. माहिती नाही ते फक्त जो रांगेत उभा राहून बटण दाबतो त्याला. आणि तोच क्रशरवाला उद्या तालुक्यातल्या रस्त्याला खडी पुरवणारे.

२०१३ साली मुंबईत एका पुस्तक प्रकाशनाला गोपीनाथ मुंडे बोलून गेले होते की २००९ च्या लोकसभेला आपले आठ कोटी खर्च झाले. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. आयोगाची नोटीस आली, चार दिवस चॅनलवर चाललं. मला तेव्हाही वाटलं होतं की सगळ्यांचं लक्ष आठ कोटींवर, पण आठ कोटी दिले कुणी हे एकानेही विचारलं नाही.

तुमचे अनुभव सांगा. पक्षांची नावं टाळा प्लीज.

---

खोपोलीचा_नाना (सोमवार, रात्री ११:५८)

पहिला नंबर माझा. मटण चांगलं होतं हे वाक्य प्रामाणिक आहे.

---

टाकसाळ (मंगळवार, सकाळी ७:१०)

लेख चांगला पण नवीन काय? आमच्याकडे शेंबड्या पोराला पण माहितीय. खोका, पेटी हे शब्द काय मराठी शब्दकोशातून आलेत का. आणि एक सांगतो, कुणाला आवडो न आवडो, निवडणूक रोखे, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचे ते, हा यावर बरा उपाय होता. निदान पैसा बँकेतून जायचा, केवायसी व्हायची, स्टेट बँकेची शाखा, चेक नाहीतर ट्रान्सफर, सगळं पांढरं. ते बंद करून काय मिळवलं? परत गोणी. तुमच्या क्रशरवाल्याला रोखा घ्यायला लावला असता तर निदान त्याच्या ताळेबंदात तरी दिसलं असतं.

---

वकीलबाई (मंगळवार, सकाळी १०:४२)

@टाकसाळ, पैसा पांढरा होता हे मान्य. पण पांढरा पैसा आणि उघड पैसा यात फरक आहे, आणि धागा दुसऱ्याबद्दल चाललाय.

थोडं सविस्तर लिहिते कारण मी हे सगळं प्रकरण तेव्हा रोज वाचत होते, ऑफिसात सगळे वैतागले होते माझ्यावर. रोखे जाहीर झाले २०१७ च्या बजेटात, अधिसूचना निघाली २ जानेवारी २०१८ ला. हजार, दहा हजार, लाख, दहा लाख आणि एक कोटी अशा किमती. पंधरा दिवसांत पक्षाने वटवायचा. रोख्यावर घेणाऱ्याचं नाव नाही. पण त्याच्यासोबत जे बदल केले ते जास्त महत्त्वाचे होते आणि त्यावर कमी बोललं गेलं. आधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची. ती मर्यादाच काढली. म्हणजे तोट्यातली कंपनी पण देऊ शकते. तोट्यातली कंपनी देणगी कुठून देते याचा विचार करा. शिवाय कुठल्या पक्षाला दिले ते हिशेबात लिहायची अट काढली. त्यामुळे तुमच्या त्या ताळेबंदात एक रक्कम दिसली असती, पक्ष दिसला नसता.

रिझर्व्ह बँकेने आधीच नापसंती कळवली होती. निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्ये कायदा मंत्रालयाला लिहिलं की हे मागे नेणारं पाऊल आहे. कुणी ऐकलं नाही.

आणि जमाखर्च यांचा मुद्दा, की गुप्त कुणापासून, तो कोर्टातही हाच होता. १५ फेब्रुवारी २०२४ चा निकाल पाच जणांच्या घटनापीठाचा आणि एकमताचा आहे (सरन्यायाधीश चंद्रचूड, आणि गवईसाहेबही होते, म्हणजे पीठात आपली दोन माणसं). सरकारचं म्हणणं होतं की देणाऱ्याला दुसऱ्या पक्षाकडून त्रास होऊ नये म्हणून नाव लपवायचं. कोर्टाने म्हटलं ही गुप्तता पक्की नाहीच, देणारा पक्षाला सांगू शकतो, फक्त मतदाराला कळत नाही. मतदाराचा माहितीचा हक्क कलम १९ मधला, म्हणून योजना रद्द.

---

भर_दुपारी (मंगळवार, दुपारी १:१५)

आणि गुप्त नंबर विसरलात ताई. एप्रिल २०१८ मध्ये एका पत्रकार बाईने हजार हजारचे दोन रोखे विकत घेतले आणि लॅबमध्ये नेऊन अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरले तर कोपऱ्यात प्रत्येकावर वेगळा नंबर. साध्या डोळ्याला दिसत नाही. सरकार म्हणालं नोटेवर असतं तसं सुरक्षेसाठी आहे. असेल बुवा. पण मग निकालात कोर्टाने यादी द्यायला सांगितलं, तर मार्च २०२४ मध्ये स्टेट बँक कोर्टात म्हणते की घेणारे आणि वटवणारे जुळवायला ३० जूनपर्यंत वेळ द्या, आणि लोकसभा एप्रिल ते जून. बावीस हजार रोखे. आमच्या सोसायटीची पतपेढी याहून जास्त पावत्या दिवाळीच्या आत जुळवते. कोर्टाने म्हटलं जुळवू नका, आहे तसंच द्या, एका दिवसाची मुदत दिली आणि बँकेने एका दिवसात दिलं की नाही? १२ मार्चला दिलं.

---

टाकसाळ (मंगळवार, दुपारी २:०३)

पत्रकारांनी बल्ब लावला आणि क्रांती झाली. मान्य. पण यादी बाहेर आल्यावर कोण पडलं? कुणी तुरुंगात गेलं? सगळ्यांनी घेतलेत. मोठ्याने मोठा घास, छोट्याने छोटा.

---

वकीलबाई (मंगळवार, दुपारी ३:३०)

सगळ्यांनी घेतलेत हे खरंय. एप्रिल २०१९ पासूनची आकडेवारी आयोगाने टाकली त्यात भाजप ६,०६० कोटी, तृणमूल १,६०९, काँग्रेस १,४२१, भारत राष्ट्र समिती १,२१४, आणि मग बाकीचे. कम्युनिस्टांनी घेतले नाहीत, मार्क्सवादी तर कोर्टात याचिकाकर्तेच होते. शिवसेनेलाही दीडशे कोटींच्या वर. जमाखर्च, नावं आली त्याबद्दल सॉरी, पण ही सरकारी यादी आहे.

---

जमाखर्च (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)

छापील यादीतली नावं चालतील. मारामारीची नकोत.

@टाकसाळ, कोण पडलं हा प्रश्नच मला पटत नाही. माझ्या घरासमोरच्या रस्त्याचा ठेका कुणाला आणि त्याने निवडणुकीत कुणाला दिले हे शेजारी-शेजारी वाचता आलं पाहिजे एवढंच माझं मागणं. पुढे कुणाला मत द्यायचं ते माझं मी बघीन. यादी आली तेव्हा पहिल्यांदा तसं वाचता आलं. ठाणे-बोरिवली बोगद्याचं काम १४,४०० कोटींचं, ते मेघा इंजिनिअरिंगला मे २०२३ मध्ये मिळालं, आणि रोखे घेणाऱ्यांत ही कंपनी दोन नंबरला, ९६६ कोटी, त्यातले काही एप्रिल २०२३ मध्येच घेतलेले. आता एकामागोमाग एक झालं म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं होत नाही, टेंडर कसं निघालं, दर काय, स्पर्धेत कोण होतं हे सगळं बघावं लागतं आणि कोर्टाने चौकशी पथकाची मागणी ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली पण. तरीसुद्धा ठाण्यातल्या माणसाला हे दोन आकडे मतदानाआधी माहिती असायला नकोत का? एक नंबरला तर लॉटरीवाली कंपनी, १,३६८ कोटी. आणि तीन नंबरला नवी मुंबईच्या पत्त्यावरची क्विक सप्लाय चेन, ४१० कोटी. यादी यायच्या आधी हे नाव तुमच्यापैकी कुणी ऐकलं होतं? मी तर नाही, आणि मी जीएसटीची कामं करतो, रोज शंभर कंपन्यांची नावं नजरेखालून जातात.

---

अंत्रुजकार (मंगळवार, रात्री ९:१२)

फोंड्याहून बोलतोय. आमची गंमत वेगळी. गोव्यात विधानसभेची मर्यादा २८ लाख, महाराष्ट्रात ४०. ऐकायला वाटतं की गोव्यात कमी. पण आमचा मतदारसंघ केवढा तर साधारण अठ्ठावीस हजार मतदारांचा. म्हणजे डोक्यामागे शंभर रुपये. तुमच्याकडे सव्वातीन लाखांच्या पुढे मतदार, डोक्यामागे बारा रुपये! बारा रुपयांत तुम्ही माणसाला काय पाजणार, कटिंग सुद्धा जेमतेम. त्यामुळे तुमच्याकडे हिशेब खोटा करायला लागतो आणि आमच्याकडे हिशेब खरा असूनही उरलेलं सगळं खोटं असतं, कारण हजार-दोन हजार मतांनी निकाल फिरतो, तेव्हा दर मताला फार मोठा.

आणि रोखे-बिखे राहू द्या, त्याच्या आधीची गोष्ट गोव्याच्या खाणीची आहे. सेसा आणि स्टरलाइट या वेदांताच्या कंपन्या, त्यांनी भाजप आणि काँग्रेस दोघांना देणग्या दिल्या. २०१४ च्या मार्चात दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की मूळ कंपनी परदेशी म्हणून या देणग्या विदेशी, कायदा मोडला, कारवाई करा. मग काय झालं? कारवाई नाही झाली, कायदाच बदलला. आधी २०१६ मध्ये व्याख्या बदलली ती मागच्या तारखेने, २०१० पासून. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच्या आधीच्या देणग्या जुन्या कायद्यात अडकतात, म्हणून २०१८ मध्ये थेट १९७६ पर्यंत मागे नेली. संसदेत त्यावर चर्चा सुद्धा नाही, वित्त विधेयकात घुसवलं. इतर वेळी एकमेकांचे गळे धरणारे तेव्हा कसे गप्प बसले बघा. माझा आजा म्हणायचा, दोन मांजरं गप्प असली की दूध गेलं समजावं.

---

एडिसनकर (बुधवार, पहाटे ४:४०)

न्यू जर्सीतून. आमच्याकडे याला सरळ डार्क मनीच म्हणतात. २०१० ला सिटिझन्स युनायटेडचा निकाल लागला, तेव्हापासून कंपन्या आणि युनियन स्वतंत्र प्रचारावर कितीही खर्च करू शकतात. सुपर पॅक म्हणजे असा स्वतंत्र प्रचार करणारा गट असतो, त्याला देणगीदारांची नावं जाहीर करावी लागतात, छान. पण देणगीदार म्हणून एखादी ना-नफा संस्था पुढे येते, तिचं नाव असतं अमुक-तमुक भवितव्यासाठी नागरिक असं काहीतरी गोड, आणि तिला मात्र स्वतःचे देणगीदार सांगायचं बंधन नाही. झालं काम. जाहिरातीखाली नाव येतं, माणूस कोण ते येत नाही. आमच्या चौकातला 'शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळ' याचाच मोठा भाऊ.

---

खोपोलीचा_नाना (बुधवार, सकाळी ८:०५)

समस्त मित्रमंडळ! याच्यावर वेगळा धागा पाहिजे. आमच्याकडे दादांचा वाढदिवस आचारसंहितेच्या आदल्या दिवशी येतो, दर निवडणुकीला. जन्मतारीख हलते त्यांची. त्या दिवशी लागलेले फ्लेक्स उतरवायला नगरपालिकेची गाडी येते, तोपर्यंत ज्याला वाचायचं त्याने वाचलेलं असतं.

बाकी रोखे कितीही वाईट असले तरी एक किस्सा मला फार आवडला होता. बिहारच्या जेडीयूने आयोगाला कळवलं की एप्रिल २०१९ मध्ये पाटण्याच्या कार्यालयात कुणीतरी आलं आणि बंद पाकीट देऊन गेलं, उघडून बघतो तर एकेक कोटीचे दहा रोखे. देणारा कोण माहिती नाही, आम्ही विचारायचा प्रयत्नही केला नाही. दहा कोटी! माझ्या दारात कुणी लग्नाची पत्रिका टाकून गेलं तरी मी जिन्यापर्यंत जातो बघायला कोण होतं म्हणून.

---

मुळशीकर (बुधवार, सकाळी ११:२५)

हसा. पण जमाखर्चभाऊ, मला एक सांगा, त्या क्रशरवाल्याने आपल्या मर्जीने खर्च केला, उमेदवाराने सांगितलंच नाही, तर गुन्हा कसला? माझ्या पैशाने मी मित्राचा प्रचार करीन. उलट आमच्या गावात तर बिचारे उमेदवार वर्गणी काढून उभे राहतात. ग्रामपंचायतीला मी स्वतः सात हजार दिलेत आणि पावती-बिवती काही घेतली नाही. मी काय डार्क मनी झालो का?

---

वकीलबाई (बुधवार, दुपारी १२:५०)

मुळशीकर दादा, तुमचे सात हजार सोडा. पण प्रश्न बरोबर जागी आहे.

उमेदवाराच्या हिशेबात कुठला खर्च धरायचा तर जो त्याने किंवा त्याच्या प्रतिनिधीने केला किंवा करायला परवानगी दिली तो. परवानगीशिवाय तिऱ्हाइताने केला तर? तर तो त्या तिऱ्हाइताचा गुन्हा. भारतीय दंड विधानात १७१ एच. आणि शिक्षा? पाचशे रुपये दंड. पाचशे. जास्तीत जास्त. २०२४ च्या १ जुलैपासून नवी न्याय संहिता आली त्यात दहा हजार केले. म्हणजे उमेदवार म्हणणार मला माहितीच नव्हतं, आणि क्रशरवाला दंड भरून मोकळा, आणि तोही पकडला तर. मी तरी पकडलेला पाहिला नाही.

पक्षाने केलेल्या खर्चाला तर मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की पक्षाने आणि मित्रांनी उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरा. काही दिवसांतच वटहुकूम आला आणि ती वाट बुजवली. मित्रांपुरतं पुढे २००३ ला दुरुस्त झालं. पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि स्टार प्रचारकांची हेलिकॉप्टरं अजून बाहेर.

आणि पक्षाने तरी कुठून आणले ते सांगायचं तर वीस हजाराच्या वरच्या देणगीदारांचीच नावं द्यायची. खालचे सगळे अज्ञात. बसपने तर वर्षानुवर्षं लिहून दिलंय की आम्हाला वीस हजारावर एकही देणगी नाही. २०१७ मध्ये रोख देणगीची सीमा दोन हजार केली, टाळ्या पडल्या, पण नावं सांगायची सीमा वीस हजारच ठेवली. एकाच बजेटात. मग एक गोणी फोडून दोन-दोन हजारांच्या पावत्या फाडायला कुणाची ना आहे? तुमची ती गोणी, टाकसाळ, रोख्यांच्या काळातही चालूच होती. रोखे तिच्या जागी आले नाहीत, शेजारी येऊन बसले.

---

टाकसाळ (बुधवार, दुपारी २:१८)

शेजारी येऊन बसले हे पटलं. लिहून ठेवतो. पण मग मला सांगा आता रोखे गेल्यावर पुढे काय. कंपन्यांनी देऊच नये का? १९६९ ला इंदिराबाईंनी कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच घातली होती, १९८५ ला राजीव गांधींनी उठवली, मधल्या सोळा वर्षांत कंपन्यांनी काय टाळ वाजवले? सगळं ब्रीफकेसमधून. बंदी घातली की पैसा थांबत नाही, रंग बदलतो फक्त.

---

जमाखर्च (बुधवार, रात्री १०:५५)

टाकसाळशेठ, पहिल्यांदा तुमच्याशी शंभर टक्के सहमत. बंदी नकोच. नाव पाहिजे.

यावरून एक जुनी गोष्ट. मुंबई हायकोर्टात १९५७ साली टाटा स्टीलचं प्रकरण आलं होतं. कंपनीला घटनापत्रक बदलून राजकीय पक्षांना देणगी द्यायची सोय करून घ्यायची होती, एक भागधारक आडवा आला. न्यायाधीश होते छागला. त्यांनी परवानगी दिली, कारण कायद्यात अडवायला काही नव्हतं, पण निकालात लिहून ठेवलं की हा धोका वाढत जाईल आणि एक दिवस लोकशाहीचा गळा आवळेल, संसदेने बघावं. आता यात मला काय भारी वाटतं, तर टाटांनी हे उघडपणे, कोर्टात जाऊन, जगाला सांगून मागितलं. म्हणून एक साधा भागधारक उभा राहून म्हणू शकला की थांबा. साठ वर्षांनी रोखे आले तेव्हा भागधारकाला सुद्धा कळायची सोय ठेवली नाही की आपल्या कंपनीने कुणाला दिले.

आता ट्रस्टचा मार्ग जोरात आहे. २०१३ पासूनचे निवडणूक न्यास. वर्षात गोळा केलेल्याचे ९५ टक्के पक्षांना वाटायचेच, आणि कुणाकडून आले आणि कुणाला दिले दोन्ही जाहीर. रोख्यांपेक्षा कितीतरी बरं. पण दहा जणांनी टाकलं आणि चौघांना वाटलं तर कुणाचे कुणाला गेले ते दिसत नाही. घागरीत ओतून परत तांब्याने वाढायचं.

आणि माझा तालुक्याचा क्रशरवाला यातल्या कशातच नाही. तो ना रोखा घेतो ना ट्रस्टला देतो. तो डिझेल देतो.

---

भर_दुपारी (गुरुवार, सकाळी ९:३०)

सगळ्यात पारदर्शक निवडणूक आमच्या नाशिक जिल्ह्यात झाली होती आणि ती रद्द केली 😄 देवळा तालुक्यातलं उमराणे. जानेवारी २०२१, ग्रामपंचायत. सरपंचपदाचा जाहीर लिलाव, बोली दोन कोटींच्या वर गेली, पैसे मंदिरासाठी. तसंच नंदुरबारला खोंडामळीत, ४२ लाख. व्हिडिओ फिरले, राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. बरोबरच केलं. पण विचार करा, कुणी किती दिले, कशासाठी दिले, काय मिळणार, सगळं माइकवर, गावासमोर. बोली लावणाऱ्याला वाटलं असेल की मी चुकलो कुठे, बाकीचे तर हेच घरात बसून करतात.

---

मुळशीकर (गुरुवार, सकाळी ११:०२)

पण दोन कोटी ग्रामपंचायतीत वसूल कसे करणार?

---

भर_दुपारी (गुरुवार, सकाळी ११:०९)

उमराण्याला कांद्याचा मोठा बाजार आहे दादा. पुढचं मी बोलत नाही, माझी सासुरवाडी जवळच आहे.

---

व्यवस्थापक (गुरुवार, दुपारी ३:००)

दोन प्रतिसाद काढले आहेत. एका विद्यमान आमदारांबद्दल पुराव्याशिवाय रक्कम लिहिली होती. छापून आलेलं, कोर्टात आलेलं, आयोगाने टाकलेलं लिहा. ऐकीव नको.

---

अंत्रुजकार (गुरुवार, संध्याकाळी ७:४५)

व्यवस्थापकांचंही बरोबर. पण हीच तर अडचण. सगळं ऐकीव आहे कारण पुरावा ठेवायचाच नाही अशी रीत आहे. २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असा आदेश दिला, तुमची राष्ट्रवादी पण त्यात होती, एकाही पक्षाने मानला नाही. मग माणूस ऐकीवच बोलणार, दुसरं काय बोलणार.

---

वकीलबाई (गुरुवार, रात्री ८:३०)

सगळंच ऐकीव नाही. जमाखर्च यांनी लिहिलेली रजिस्टरं निकालानंतर तीस दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जमा होतात आणि ती कुणालाही बघता येतात. कुणालाही, म्हणजे तिथला मतदार असायची पण गरज नाही. निवडणूक नियमांत ८८ नंबरचा नियम आहे, बघायची फी एक रुपया. साक्षांकित प्रत पाहिजे तर वेगळी फी. लोक जात नाहीत एवढंच. माझ्या ओळखीत आजपर्यंत एकही गेलेला नाही, मी पण नाही, खोटं कशाला बोलू.

---

खोपोलीचा_नाना (गुरुवार, रात्री ८:४१)

एक रुपया?? उद्याच जातो. हल्ली धाकट्याकडे असतो मुक्कामाला, खोपोलीत नाही, इथून कलेक्टर कचेरी चालत दहा मिनिटं आहे. रिटायर माणसाला कुणीतरी काम द्यायलाच पाहिजे. निवडणुकीच्या वेळी पण इथेच होतो. चालायला जायचो तेव्हा देवळापासून एसटी स्टँडपर्यंत आमच्या निवडून आलेल्या साहेबांचे फ्लेक्स मोजायचो, डॉक्टरने रोज चार हजार पावलं सांगितलीत, कंटाळा येतो नुसतं चालून. एका दिवशी ७१ भरले होते, फोटो आहेत मोबाईलमध्ये.

---

जमाखर्च (गुरुवार, रात्री १०:२०)

नाना जाच. आणि पांढरी पानं बघा आधी, गुलाबी नंतर.

---

खोपोलीचा_नाना (सोमवार, दुपारी ४:५०)

जाऊन आलो मंडळी. शुक्रवारी साहेब मीटिंगला होते, आज दाखवलं. एक रुपयाची पावती फाडताना क्लार्क तीनदा माझ्याकडे बघत होता. शेवटी चहा पाजला त्याने, तो कुठल्या पानावर जाणार कुणास ठाऊक.

साहेबांचं रजिस्टर. पांढरी पानं आधी बघितली, सांगितल्याप्रमाणे. अख्ख्या मतदारसंघात फ्लेक्स ३६ नग. माझ्या चार हजार पावलांत ७१ होते. प्रचाराच्या गाड्या ९, आमच्या गल्लीतूनच रोज सकाळी सात जायच्या, मग उरलेल्या दोन बिचाऱ्या अख्खा तालुका फिरत असतील. धाबा, लॉज यातलं एक अक्षर नाही. मटणाचं तर नावच काढू नका, अख्खी निवडणूक चहा-वडापाववर झालेली आहे, साहेब वारकरी असल्यासारखे.

पण एक सांगतो, लिहिणाऱ्याचं काम बघून जीव खूष झाला. खाडाखोड नाही, अक्षर मोत्यासारखं, आणि प्रत्येक पानाखाली बेरीज हिरव्या शाईने.

---

जमाखर्च (सोमवार, संध्याकाळी ५:१५)

नाना, तुमचा धाकटा कुठे राहतो म्हणालात?